प्रोस्टेटची बायोप्सी सांगितली आहे? चिठ्ठी हातात पडल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत काय करायचं

डॉक्टरांनी वडिलांच्या कागदावर ‘प्रोस्टेट बायोप्सी’ लिहून दिलं की घरात पहिली चर्चा होते पैशाची आणि दुसरी भीतीची. मी युरोलॉजीच्या ओपीडीत ब्रदर म्हणून काम करतो. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं रोज समोर असतात. इतकं बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. बायोप्सी, म्हणजे सुईने प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवणं, हे स्वतः पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ती नीट होणार की नाही, हे आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं, आणि जिवाला धोका असलाच तर तो नंतरच्या दोन-तीन दिवसांत असतो. म्हणून या लेखात सुईबद्दल कमी आणि तिच्या आधी-नंतर काय करायचं याबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवातीला ती भीती

गेवराई तालुक्यातले एक आबा टेबलावर चढायच्या आधी माझा हात धरून म्हणाले, “लेकरा, सुई लागली की गाठ खवळती म्हणत्यात. खरंय का?” हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, फक्त सगळे विचारत नाहीत. प्रोस्टेटच्या बाबतीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अत्यंत दुर्मिळ आहेत. उलट तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का, असला तर किती जहाल आहे, हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय ऑपरेशन किंवा रेडिएशन सुरू होत नाही. अपवाद एखादाच. माणूस खूप थकलेला आहे, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, खाली सांगतो) शेकड्यांत आहे आणि हाडांत पसरल्याचं स्पष्ट दिसतंय, अशा वेळी डॉक्टर कधीकधी बायोप्सीविना औषध सुरू करतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून बायोप्सी टाळू नका.

पायरी १: पीएसए पुन्हा, आणि नीट

प्रोस्टेट ही लघवीच्या पिशवीच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असलेली ग्रंथी. तरुणपणी वजन साधारण २० ते २५ ग्रॅम, वयाप्रमाणे वाढत जाते. लघवीची नळी तिच्या मधून जाते, म्हणून ती वाढली की धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावं लागतं. पीएसए हे या ग्रंथीतून तयार होणारं प्रथिन. रक्तातलं त्याचं प्रमाण ४ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की पुढे तपासायची जुनी रीत आहे, पण वय आणि ग्रंथीचा आकार बघितल्याशिवाय नुसत्या त्या आकड्याला अर्थ नाही.

पीएसए कॅन्सरशिवायही वाढतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली, कॅथेटर घातला, ग्रंथी नुसतीच मोठी झाली, तरी वाढतो. वीर्यपतन झाल्यानंतर एक-दोन दिवस थोडा वर राहतो. म्हणून पहिला आकडा वाढलेला आला की आधी लघवीची तपासणी करून घ्या, संसर्ग असेल तर उपचार पूर्ण करा आणि डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे थांबून पुन्हा पीएसए करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये. दुसऱ्या वेळी आकडा खाली आलेली माणसं मी भरपूर पाहिली आहेत.

इथे एक गोष्ट जवळजवळ सगळे सांगायची विसरतात. प्रोस्टेट आकसावी म्हणून फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल तर सहाएक महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावर ३ दिसला तरी खरा आकडा ६च्या आसपास धरायचा. गोळ्यांचं नाव पाठ नसेल तर रिकामी पट्टी खिशात घालून आणा.

“दुर्बिणीने प्रोस्टेट काढलंय, आता कॅन्सर कुठून?” असंही विचारलं जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नळीभोवतीचा आतला, अडथळा करणारा भाग खरवडून काढतात. बाहेरचा भाग तसाच राहतो, आणि बहुतेक कॅन्सर त्या बाहेरच्या भागातच सुरू होतात. त्यामुळे आधी ऑपरेशन झालंय म्हणून पीएसए दुर्लक्षित करू नका.

पायरी २: बोटाची तपासणी टाळू नका

बाहेरचा भाग गुदाशयाला लागून असतो. म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून तो चाचपतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं इथे अडून बसतात, त्यातही सून किंवा लेक सोबत असली की तोंडच उघडत नाहीत. सोबतच्या बायकांनी थोडा वेळ बाहेर थांबावं, पुरुष मदतनीस हवा असेल तर तसं सांगावं; कोणी वाईट मानत नाही. बोटाला कडक गाठ लागली तर पीएसए कमी असला तरी बायोप्सी लागू शकते. आणि गाठ लागली असताना ‘पेरणी उरकू द्या, मग बघू’ म्हणत मृगापासून दिवाळीपर्यंत लांबवू नका. दोन-चार आठवड्यांनी बिघडत नाही. सहा महिन्यांनी बिघडू शकतं.

पायरी ३: एमआरआय बायोप्सीच्या आधी

या लेखातला एकच सल्ला लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. शक्य असेल तर प्रोस्टेटचा एमआरआय बायोप्सीच्या आधी करा, नंतर नाही. सुई टोचली की ग्रंथीत रक्त साकळतं आणि त्यानंतर सहा-आठ आठवडे एमआरआयचं चित्र गढूळ येतं. खर्च तोच, पण उपयोग कमी.

पूर्वी बायोप्सी म्हणजे आंधळेपणानेच असायची. १९८९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत सहा ठरलेल्या जागांवरून तुकडे घ्यायची पद्धत मांडली. पुढे सहाचे बारा झाले. पण ठरलेल्या जागांवरून घेतले तरी गाठ दोन सुयांच्या मधे राहून जाऊ शकते. एमआरआयमुळे संशयाची जागा आधीच दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ या अभ्यासात ५०० पुरुष होते. एमआरआय आधी करून संशयित जागेवरच सुई लावली त्या गटात उपचाराची गरज असलेला कॅन्सर ३८ टक्के जणांत सापडला, जुन्या पद्धतीच्या गटात २६ टक्के. शिवाय एमआरआय केलेल्यांपैकी २८ टक्के जणांना बायोप्सीची गरजच पडली नाही.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पाय-रॅड्स’ नावाचा १ ते ५ गुण असतो. १-२ म्हणजे महत्त्वाच्या कॅन्सरची शक्यता कमी, ३ म्हणजे सांगता येत नाही, ४-५ म्हणजे शक्यता जास्त. हा निदानाचा शिक्का नाही. ५ वाचून घरात रडारड सुरू करू नका आणि २ वाचून फाइल माळ्यावर टाकू नका. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागून येणारा आकडाही बघतात. समजा दोघांचा पीएसए ६ आहे. एकाची ग्रंथी ६० मिलिलीटरची, म्हणजे ०.१०. दुसऱ्याची २५ची, म्हणजे ०.२४. साधारण ०.१५च्या वर संशय वाढतो. एकाला ‘सहा महिन्यांनी या’ आणि दुसऱ्याला ‘बायोप्सी करू’ असं का सांगितलं, ते यावरून कळेल.

चिठ्ठीवर ‘प्रोस्टेटचा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय’ असं लिहून घ्या. नुसता ओटीपोटाचा एमआरआय झाला तर बऱ्याचदा पुन्हा करावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मशीन आता मिळतं, पण प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट कुठे आहेत, हे आपल्या युरोलॉजिस्टना विचारूनच जा. पेसमेकर असेल, अंगात धातू असेल, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना चित्रं बघायची असतात, कागद पुरत नाही.

पायरी ४: कोणत्या वाटेने करणार, ते विचारा

सुई प्रोस्टेटपर्यंत न्यायच्या दोन वाटा आहेत.

पहिली गुदाशयातून. बोटाएवढ्या जाडीचा सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारातून आत सरकवतात आणि त्याच्या कडेने सुई गुदाशयाच्या भिंतीतून प्रोस्टेटमध्ये जाते. ही जुनी, सगळ्यांच्या हातची पद्धत. लवकर होते, बहुतेक ठिकाणी होते, साध्या जागेवरच्या भुलीत होते. अडचण एकच, पण मोठी. सुई शौचाच्या जागेतून जाते, त्यामुळे तिथले जंतू रक्तात जाऊ शकतात. आपल्या भागात सर्दी-खोकल्यालाही मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून खायची सवय आहे. त्याने आतड्यातले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून मागच्या सहा महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलं, दवाखान्यात भरती होता का, हे डॉक्टरांना आठवून सांगा. काही ठिकाणी आधी गुदाशयातला स्वॅब घेऊन कोणतं औषध लागू पडेल ते तपासतात. तशी सोय आहे का, तेही विचारा.

दुसरी वाट त्वचेतून, म्हणजे अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून. प्रोब गुदाशयातच असतो, पण सुई बाहेरची त्वचा निर्जंतुक करून तिथून घालतात. रक्तात संसर्ग होण्याचा धोका यात खूपच कमी. ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ, जिथे गुदाशयातून सुई नीट पोचत नाही, तिथेही पोचता येतं. युरोपातल्या युरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचना याच वाटेला पसंती देतात. मात्र तेवढा सराव असलेले हात आणि साधनं सगळीकडे नाहीत, काही ठिकाणी कमरेतून किंवा पूर्ण भूल द्यावी लागते, आणि खूप तुकडे घेतले तर लघवी अडकण्याची शक्यता थोडी वाढते.

माझं मत विचाराल तर मधुमेह असलेला, वारंवार लघवीचा संसर्ग होणारा किंवा हृदयाला झडप बसवलेला माणूस असेल, तर त्वचेतून करणाऱ्या ठिकाणी जायला जास्तीचा प्रवास पडला तरी करावा. बाकीच्यांसाठी सरावाच्या हाताने, योग्य अँटिबायोटिक देऊन गुदाशयातून केलेली बायोप्सीही चांगलीच. नवी पद्धत अननुभवी हाताने करून घेण्यात फायदा नाही.

एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेवर नेम धरायच्याही पद्धती आहेत. डॉक्टर एमआरआय डोक्यात ठेवून सोनोग्राफीत ती जागा शोधतात, किंवा संगणकावर दोन्ही चित्रं एकावर एक बसवून सुई नेतात. त्याला फ्यूजन बायोप्सी म्हणतात. एमआरआयच्या मशीनमध्येच सुई लावायची तिसरी पद्धत फार थोड्या ठिकाणी आहे. फ्यूजनचं यंत्र नाही म्हणून हिरमुसू नका. अनुभवी माणूस पहिल्या पद्धतीनेही चांगला नेम धरतो.

कुठे आणि किती खर्च

छत्रपती संभाजीनगरला घाटी हे शासकीय रुग्णालय आणि शासकीय कर्करुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धाराशिवकडची माणसं बार्शी-सोलापूरला, नांदेडची बरीच हैदराबादला जातात. युरोलॉजिस्ट कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारा, मगच एसटीत बसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय खिशातून भरायचं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला बायोप्सीच्या आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते घरीच बघा. पुढे उपचाराची मंजुरी लागलीच तर बायोप्सीचा रिपोर्ट मागतात, म्हणून तो मूळ कागद जपायचा.

पायरी ५: आधीचा आठवडा

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल तोंडाने सांगा, विचारायची वाट बघू नका. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन आणि त्यांची नवी भावंडं किती दिवस आधी थांबवायची, हे युरोलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. कमी डोसची ॲस्पिरिन बऱ्याचदा चालू ठेवतात. स्टेंट बसवून वर्ष झालेलं नसेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. त्यातून हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि तो बायोप्सीतल्या रक्तस्रावापेक्षा फार वाईट.

लघवीचं कल्चर, रक्ताच्या तपासण्या, रक्त गोठायची वेळ आणि शुगर आधी होते. लघवीत जंतू असतील तर बायोप्सी पुढे ढकलतात. त्यावर हुज्जत घालू नका. गुदाशयातून करायची असेल तर एनिमा किंवा पोट साफ व्हायचं औषध देतात. अँटिबायोटिक सांगितलेल्या वेळेलाच घ्यायचं, एकादशी आहे म्हणून मागेपुढे नाही. कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

पायरी ६: टेबलावर

डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, किंवा त्वचेतून असेल तर पाठीवर झोपवून पाय वर आधारावर ठेवतात. प्रोब आत जाताना शौचाला लागल्यासारखं वाटतं. मग भुलीचं इंजेक्शन, ते थोडं चुरचुरतं. त्यानंतर स्प्रिंगची गन. दर तुकड्याला ‘खट्’ असा मोठा आवाज होतो आणि माणसं दुखण्यापेक्षा त्या आवाजाला दचकतात. मी नेहमी पहिल्या तुकड्याआधी गन हवेत एकदा वाजवून ऐकवतो, म्हणजे अंग आकसत नाही. साधारण बारा तुकडे, आणि संशयाच्या जागेचे दोन ते चार वेगळे.

तुकडा म्हणजे मांसाचा गोळा कापतात असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात सुईच्या खाचेत शेवईच्या काडीएवढा, दीड-दोन सेंटीमीटर लांब, पांढुरका धागा येतो. तो अलगद उचलून फॉर्मालिनच्या बाटलीत सोडतात. बाटलीवर नाव, आणि तुकडा उजवीकडचा की डावीकडचा, वरचा, मधला की टोकाचा, हे लिहितात. शुद्धीवर असाल तर बाटलीवरचं नाव वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि आम्हालाही बरं वाटतं.

पायरी ७: नंतरचे दिवस

लघवीत काही दिवस रक्त येतं. दोन थेंबांनीही भांडं लाल दिसतं, घाबरू नका, पाणी प्या. शौचातून दोन-तीन दिवस थोडं रक्त येऊ शकतं. वीर्य मात्र कित्येक आठवडे तांबूस-तपकिरी दिसतं. त्याने बायकोला काही अपाय होत नाही, आणि कॅन्सर बायकोला ‘लागत’ही नाही. काही जणांना थोडे आठवडे ताठरता कमी वाटते, ती सहसा परत येते. हे पुरुष विचारत नाहीत, म्हणून इथे लिहिलं. काही दिवस मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि पोत्यांची उचल नको.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त, तर ते साधं दुखणं धरायचं नाही. तो ताप रक्तातल्या संसर्गाचा असू शकतो आणि काही तासांत बीपी खाली नेऊ शकतो. म्हाताऱ्या किंवा शुगरच्या माणसाला कधी ताप फारसा येतच नाही. नुसतं गळून जातो, बरळतो, धाप लागते. गावातल्या डॉक्टरकडून तापाची सुई आणि सलाइन लावून सकाळची वाट बघणं इथे महागात पडतं. भरती करून शिरेतून अँटिबायोटिक देणाऱ्या रुग्णालयात त्याच रात्री जायचं, १०८ ला फोन करायचा, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं: “अमुक दिवशी प्रोस्टेटची बायोप्सी झालीय, हे अँटिबायोटिक दिलं होतं.” त्यासाठी डिस्चार्जचा कागद उशाशी ठेवा. लघवी पूर्ण बंद झाली किंवा रक्ताच्या गाठी पडायला लागल्या तरी असंच निघायचं.

धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असतो. तांड्यावर किंवा आडवळणाच्या वस्तीवर राहत असाल तर तेवढे दिवस शहरात पाहुण्यांकडे काढा.

पायरी ८: रिपोर्ट

रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. पॅथॉलॉजिस्टला शंका असेल तर विशेष रंग देऊन पुन्हा बघतात आणि आणखी काही दिवस जातात. उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं, असं नाही.

कॅन्सर असेल तर ‘ग्लीसन’ आकडा शोधा. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९६६ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून चालते. पेशींची रचना किती बिघडलीय त्याचे दोन अंक आणि त्यांची बेरीज असते. ३+३=६ सगळ्यात सौम्य, ५+५=१० सगळ्यात जहाल. बेरीज ७ असेल तर क्रम बघा: ४+३ हा ३+४ पेक्षा गंभीर. शेजारी ‘ग्रेड ग्रुप’ १ ते ५ लिहिलेला असतो, तो समजायला सोपा. त्याशिवाय किती तुकड्यांत कॅन्सर सापडला आणि प्रत्येकात किती टक्के, हेही बघायचं. ग्लीसन ६ मध्ये अनेकांना लगेच ऑपरेशन लागतच नाही. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेला पुन्हा बायोप्सी करत नजर ठेवतात. हे ज्यांना तारखेला न चुकता येता येईल त्यांच्यासाठीच सुरक्षित आहे, म्हणून घरातल्या एकाने तारखांची जबाबदारी अंगावर घ्यावी.

‘कॅन्सर नाही’ असं आलं तरी पीएसए चढतच राहिला तर पुन्हा तपासावं लागतं, कारण सुई चुकू शकते. संशयास्पद पेशी, पण निदान पक्कं नाही, असंही कधी लिहून येतं. तिथे पुन्हा बायोप्सी करायची वेळ येऊ शकते. पेट स्कॅन आणि हाडांचा स्कॅन हे कॅन्सर ठरल्यावर तो कुठवर गेलाय ते बघायला असतात, बायोप्सीऐवजी नाही.

दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटामध्ये किंवा आणखी कुठे जायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. तुमचे तुकडे ज्यात जपून ठेवलेले असतात त्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक, दोन्ही लॅबमधून मागा. ते रुग्णाचे आहेत, सही करून मिळतात. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथल्या तिथे जुळवून बघा, पोचपावतीची प्रत घ्या, आणि देवगिरी एक्स्प्रेसने जाताना ती डबी सामानाच्या बॅगेत न टाकता हातात ठेवा. मे महिन्यात गाडीने जात असाल तर बंद गाडीत काचेखाली ठेवू नका, मेण मऊ पडतं.